सुधारून पाठवलेलं पत्र

आईचं पत्र परत आलं तेव्हा त्यावर निळ्या शाईचा शिक्का होता, ‘अयोग्य भाषा’. आईने तो ओल्या बोटाने पुसून पाहिला. निघाला नाही.

“काय अयोग्य आहे यात? वाच बघू मोठ्याने,” ती म्हणाली.

मी वाचलं.

‘ठोंब्या, तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून कोंबडीने उकरल्यासारखंच आहे. घर उभं आहे. मागची भिंत पडली होती, ती आम्ही तुझी वाट न बघता बांधून घेतली. तुझी बहीण अजून दुधात काचेच्या नळ्या बुडवते आणि त्याचा पगार घेते. मी मेले असेन अशी आशा लावून बसला असशील तर बस, इतक्यात काही जमणार नाही. फाटक बंद व्हायच्या आत मुकाट्याने ये. तिकडे बसून अंडी उबवतोयस का?’

“बरोबर आहे की,” आई म्हणाली. “एक शब्द खोटा नाही.”

ती समोरच्या खोलीत जमिनीवर बसली होती, मांडीजवळ कापसाचा ढीग. आई गाद्या करते. युद्धात लोकांनी खिडक्यांना गाद्या लावल्या होत्या आणि फुटलेली सगळी काच त्यांत जाऊन बसली होती. आता त्या गाद्या उसवून, कापूस काळ्या कापडावर थोडा थोडा पसरून, उन्हात चमकेल तो कण चिमट्याने उचलायचा, असं तिचं काम चाललं होतं. रोज संध्याकाळी वाटीभर काच निघायची.

ठोंब्या म्हणजे माझा थोरला भाऊ. तो रुग्णवाहिका चालवायचा. युद्धाच्या शेवटच्या आठवड्यात पेशंट घेऊन नदीपलीकडच्या इस्पितळात गेला, आणि तो तिथे असतानाच तह झाला, नदीवर हद्द ठरली, पुलावर फाटक बसलं. वर्षभर काही पत्ता नव्हता. मग दोन्हीकडच्या सरकारांनी ठरवलं, की जे चुकीच्या बाजूला अडकले त्यांना महिनाअखेरपर्यंत घरी परतता येईल. त्यानंतर जो जिथे असेल तो तिथला.

त्याचं पहिलं पत्र आलं ते असं होतं: ‘म्हातारे, मोजपट्टे, आहात का दोघी? इकडे सांगतात आपला भाग सपाट झाला. असाल तर लिहा, मी येतो. नसाल तर इथल्या बस डेपोत मेकॅनिक हवाच आहे. लवकर लिहा, आळशी बायांनो.’

मोजपट्टी म्हणजे मी. दूध केंद्राच्या प्रयोगशाळेत नमुने तपासते. लहानपणी भाकरीचे दोन तुकडे समान आहेत का हे मी पट्टी लावून बघितलं होतं, तेव्हापासून हे नाव.

आमच्या घरात कुणी कुणाशी गोड बोलत नाही. प्रेम नाही असं नाही, पण ते तसं बाहेर काढायची पद्धत नाही. आईला गोड बोलताना मी आयुष्यात एकदाच ऐकलं. बाबा आजारी होते, आणि तिने त्यांच्या कपाळावर हात ठेवून विचारलं, “जरा बरं वाटतंय का हो?” बाबांनी आमच्या दोघांकडे बघितलं आणि म्हणाले, “चला, संपलं म्हणायचं.” आणि खरंच दोन दिवसांत संपलं. त्यामुळे गोड शब्द ऐकला की भावाला आणि मला वाटतं, कुणीतरी गेलं.

त्यात सगळीकडे एक बोलवा होती. खोटी पत्रं लिहून माणसं पलीकडून बोलावून घेतात आणि ढिगारे उपसायच्या छावणीत धाडतात म्हणे. खरं होतं की नाही मला माहीत नाही. मी कुणाला भेटले नाही ज्याला तसं नेलं. पण दोन्ही काठांवर लोक त्यावर विश्वास ठेवून होते, आणि पत्र आलं की आधी ते खरं आहे का याची पारख करत होते.

शिक्का बसलेलं पत्र घेऊन आम्ही तपासणी कचेरीत गेलो. पूर्वी तिथे चष्म्याचं दुकान होतं. भिंतीवर लहान लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता तसाच होता, चौकोनी आरसे तसेच, आणि ज्या काउंटरवर फ्रेमी मांडलेल्या असायच्या तिथे आता पत्रांचे ट्रे. काउंटरमागे एक बाई. केस घट्ट बांधलेले, आवाज स्वच्छ. रांगेतले लोक तिला साखरबाई म्हणत. इकडून जाणारी पत्रं गोड असावीत असा नियम निघाला होता, आणि तो तिनेच सुचवला होता असं ऐकलं होतं.

“आजी, रागावू नका,” ती म्हणाली. “दोन्हीकडची मनं आधीच दुखावलेली आहेत. त्यात शिव्या कशाला?”

“शिवी कुठे आहे?”

“ठोंब्या.”

“ते त्याचं नाव आहे.”

“कागदोपत्री?”

“कागदावर नुसतं ठेवलंय. हाक मारायचं नाव हे आहे.”

मागून एक बेकरीवाला हसला. साखरबाईंनी त्याच्याकडे बघितलं, तो आरशात बघायला लागला.

“तुम्ही ते मवाळ करून आणा,” साखरबाई म्हणाल्या. “आशय तोच ठेवा.”

“मवाळ करायला ते काय चामडं आहे?” आई म्हणाली. पत्र काउंटरवर आपटून ती बाहेर पडली. “असंच जाईल. नाहीतर मी उद्या परत येते. परवा पण येते.”

दुसऱ्या दिवशी तिला जावं लागलं नाही. घरीच एक लिफाफा आला. साखरबाईंनी, दिवस थोडे आहेत हे बघून, स्वतः वेळ काढून पत्र सुधारलं होतं, टाईप केलं होतं आणि पाठवूनही दिलं होतं. आम्हाला माहितीसाठी प्रत.

‘प्रिय चिरंजीव, तुझे पत्र वाचून मन भरून आले. आपले घर सुखरूप आहे. तुझी लाडकी बहीण दुग्धव्यवसायात उत्तम सेवा बजावत आहे. माझी प्रकृती ठीक आहे. आम्ही तुझी डोळ्यांत प्राण आणून वाट पाहत आहोत. तरी कृपया लवकर ये. तुझी प्रेमळ आई.’

आईने दाभण कापसात खोचलं.

“कोण मेलंय?” तिने विचारलं.

“कुणी नाही. हे तुझं पत्र आहे. सुधारलेलं.”

“माझं?” तिने कागद डोळ्यांजवळ नेला. “डोळ्यांत प्राण आणून. अगं, माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे.”

मला हसू आलं, पण तिला नाही आलं. “तो येणार नाही,” ती म्हणाली. “बघ तू.”

मी म्हटलं, एवढा काही तो बावळट नाही. घर आहे, आपण आहोत, हे तर कळलंच ना त्याला. आईने पुन्हा काच शोधायला घेतली.

भावाचं उत्तर लवकर आलं.

‘महोदया, आपले पत्र मिळाले. माझ्या आईच्या नावाने लिहिण्याची तसदी आपण घेतलीत. आपला हेतू काय आहे ते मी विचारत नाही. ती कशी गेली, आणि बहीण तेव्हा तिच्याजवळ होती का, एवढे कळवलेत तर उपकार होतील. मी येणार नाही. इथल्या डेपोत कामाला लागलो आहे. आपला नम्र.’

खाली सही. अक्षर कोंबडीने उकरलेलं, पण ओळी सरळ. त्याने काळजीपूर्वक लिहिलं होतं. मला ते बघवेना.

“नम्र म्हणे,” आई म्हणाली. “तिकडे एकटा बसून मला पुरून मोकळा झाला. रडला असेल मूर्ख.”

तिने एक कागद भराभर खरडला, घडी करून ब्लाउजमध्ये खोचला आणि चपला घातल्या. केसांत कापूस होता, तो मी काढायला गेले तर माझा हात झटकला.

कचेरीत रांग दारापर्यंत आली होती. आई रांगेच्या कडेने सरळ पुढे गेली.

“ओ आजी, आम्ही काय खांब आहोत का?” बेकरीवाला ओरडला.

“खांब असतात ते गप्प तरी असतात,” आई म्हणाली आणि भावाचं पत्र साखरबाईंच्या पुढ्यात ठेवलं. “हे वाचलंत?”

“वाचलं ना. सगळी येणारी पत्रं मीच वाचते.” साखरबाईंचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी बघितलं. “किती सभ्य लिहिलंय त्यांनी. त्यांचं पहिलं पत्र आठवतं मला, काय ती भाषा! तुमचं सौम्य गेलं, त्यांचंही सौम्य आलं. आता त्यांचा गैरसमज झालाय, तो दूर करू आपण. मी आणखी एक लिहिते, की आई हयात आहे, काळजी नसावी.”

“तुम्ही लिहाल ते त्याला खोटंच वाटणार.”

“का पण?”

“अहो बाई, माझ्या मुलाने मला जन्मात कधी ‘आपण’ म्हटलेलं नाही. आज म्हटलं, कारण त्याला वाटतंय मी मेले आणि ‘आपण’ म्हणजे तुम्ही आहात.” आईने ब्लाउजमधून घडी केलेला कागद काढला. जुनंच पत्र होतं, तिने पुन्हा लिहून काढलं होतं, खाली एक ओळ वाढवून: ‘मागचं पत्र एका बाईंनी लिहिलं होतं. मी मेलेली नाही, गाढवा.’ “हे पाठवा. काना-मात्रा न बदलता.”

साखरबाईंनी वाचलं. मग चष्मा काढून डोळे चोळले. “गाढवा पण वाढवलंत?”

“गरज पडली.”

“आजी, नियम आहे. मी एक करू शकते. शब्द तसेच ठेवते. समासात फक्त टीप देते, ‘हे प्रेमाने म्हटले आहे’. कचेरीची सही. मग कुणी अडवणार नाही, आज संध्याकाळच्या गाडीने जाईल.”

मला तो उत्तम तोडगा वाटला. महिना संपायला आलेला, टपाल नदी ओलांडायला वेळ लागतो, तिकडेही तपासणी असते. मी आईचा कोपर धरला. “चार शब्द आहेत, आई. लिहू दे.”

“नको.”

“आई, दिवस नाहीत आता.”

“तू असतीस तिकडे,” ती माझ्याकडे वळली, “आणि ‘ठोंब्या’च्या शेजारी कुणी सहीनिशी लिहिलं असतं की हे प्रेमाने म्हटलंय, तर आली असतीस?”

मी विचार केला. नसते आले. मला वाटलं असतं, कुणीतरी आमची पहिली पत्रं उघडून बघितली, आई कशी बोलते ते शिकून घेतलं आणि आता तिच्या आवाजात मला बोलावतंय. मी कोपर सोडला.

“मग मी हे पाठवू शकत नाही,” साखरबाई म्हणाल्या. “माफ करा. पुढचे कोण?”

आई हलली नाही. पुढची एक नर्स होती, इस्पितळाच्या पांढऱ्या कपड्यांत, ड्यूटीवरून थेट आलेली. तीही हलली नाही. ती काउंटरवर पडलेल्या भावाच्या पत्राकडे बघत होती.

“मला पण ‘महोदया’ आलंय,” ती म्हणाली.

“काय?”

“नवऱ्याकडून. मला वाटलं, त्याचं मन उडालं. वर्ष झालं, दुसरी कुणी भेटली असेल.” तिने पर्समधून पत्र काढलं. “मी त्याला माकडतोंड्या म्हणते. माझ्या पत्रातलं ते काढून ‘प्राणनाथ’ घातलं होतं बाईंनी. प्राणनाथ! लग्नात सुद्धा नव्हतं म्हटलं मी त्याला तसं.”

रांगेत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, आमच्याकडे उत्तरच नाही आलं. कुणी म्हणालं, माझ्या मुलीने विचारलंय, आपल्या कुत्र्याचं नाव काय ते सांगा. बेकरीवाला मात्र तापला होता.

“अहो, तुमचं काय ते नंतर मिटवा! माझ्या भावाला मी साधंसरळ लिहिलंय, त्याला काही सुधारायची गरज पडलेली नाही. या म्हातारीच्या गाढवापायी आमचं टपाल अडलं तर?”

“बरोबर बोलतोय हा,” साखरबाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज तितका स्वच्छ नव्हता. “तुम्ही सगळ्यांनी हे असंच चालवलंत तर मला वर कळवावं लागेल. ते टपालच थांबवतील.”

सगळे आईकडे बघत होते, आणि ते बघणं चांगलं नव्हतं. मला भीती वाटली. या खोलीतल्या प्रत्येकाचं पलीकडे कुणीतरी होतं.

“थांबवू देत,” आई म्हणाली. “पत्र गेलं नाही तर तो म्हणेल, म्हातारी आळशी आहे. असलं पत्र गेलं तर म्हणतोय, म्हातारी मेली. मला आळशी म्हटलेलं चालेल.”

ती काउंटरजवळच्या स्टुलावर बसली. पूर्वी त्यावर बसून लोक डोळे तपासून घेत असत. बसली म्हणजे आता ती उठणार नव्हती, हे मला घरच्या अनुभवाने माहीत होतं.

मी फारशी बोलणारी नाही. प्रयोगशाळेत बोलावं लागत नाही. पण साखरबाईंच्या हाताखाली नियमाचा कागद होता आणि मी तो इतका वेळ उलटा वाचत होते.

“बाई, ‘अयोग्य’ म्हणजे काय, ते इथे दिलंय,” मी म्हटलं. “‘ज्यायोगे वाचणाऱ्याचे मन दुखावेल अशी भाषा.’ बरोबर?”

“हो.”

“वाचणारा म्हणजे कोण? तुम्ही की माझा भाऊ?”

“अर्थात ज्याला पत्र आहे तो.”

“मग तपासून बघू. आईचे शब्द त्याला लहानपणापासून मिळतायत, तो दुखावल्याचं आमच्या ऐकिवात नाही. तुमचे शब्द एकदाच मिळाले. त्याचा परिणाम तुमच्या समोर पडलाय, त्याच्या सहीने. कुठल्या पत्राने मन दुखावलं?”

त्यांनी भावाचं पत्र पुन्हा हातात घेतलं. या वेळी सावकाश वाचलं. ‘ती कशी गेली’ या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. मघाशी त्यांना त्या ओळीतली फक्त सभ्यता दिसली होती.

“मी चांगल्यासाठी केलं होतं,” त्या म्हणाल्या.

“माहीत आहे,” आई म्हणाली. “म्हणूनच नुसती बसलेय. नाहीतर काउंटर उलटा केला असता.”

बेकरीवाल्याच्या तोंडून हसण्याचा फिसकारा निघाला, आणि मग त्याला स्वतःचाच राग आला. “आमची काय कटकट आहे!” तो म्हणाला. “बाई, मारा तो शिक्का. मला भट्टी पेटवायचीय.”

“मला माझं पण परत द्या,” नर्स म्हणाली. “ट्रेमधलं. मी हाताने लिहून देते, माकडतोंड्यासकट.” तिच्यामागून आणखी दोन-तीन हात पुढे आले. कुणीतरी पेन मागितलं.

साखरबाईंनी शिक्का उचलला. “वरून विचारणा झाली तर मला उत्तर द्यावं लागेल.”

“सांगा, एक म्हातारी ऐकेना.”

“ते पटेल त्यांना,” साखरबाई म्हणाल्या आणि ‘तपासले’ असा शिक्का मारला. समास कोरा ठेवला.

त्या पत्राला उत्तर आलं नाही. आई रोज काच वेचत होती आणि मी रोज दूध तपासत होते, आणि घरी आल्यावर ती माझ्याकडे बघायची नाही, कारण दारावरची टपालपेटी मीच उघडत असे. एकदा मी म्हटलं, टपाल अडकलं असेल. ती म्हणाली, “अडकलं असेल तर अडकलं असेल, तुझं तोंड का आंबलंय? नमुना झालाय नुसता.”

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी रजा घेतली. पुलाच्या अलीकडे मांडव घातला होता. लाऊडस्पीकरवर एक अधिकारी स्वागताचं भाषण वाचत होता, मिलन, अश्रू, नवी पहाट. फाटकातून एकेक माणूस बाहेर सोडत होते. नाव पुकारायचं, इकडचा नातेवाईक पुढे यायचा, ओळख पटवायचा. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर प्रत्येकाला मिठी मारायला लावत होता. काहींना परत मारायला लावत होता, कारण मध्येच कुणीतरी आडवं यायचं.

आई मिठ्या बघत होती. “घामाघूम झालेत सगळे,” ती म्हणाली.

दुपार कलली. रांग विरळ झाली. भाषण संपून गाणी लागली होती. मी मनात शेवटचा हिशेब मांडायला सुरुवात केली होती, की आज फाटक बंद झाल्यावर तिला घरी कसं न्यायचं, काय बोलायचं. बोलायचंच नाही, असं ठरवत होते.

फाटकाच्या पलीकडून आवाज आला. “ए म्हातारे! इकडे बघ की! मोतीबिंदू झालाय का?”

डेपोचे निळे कपडे, दाढी वाढलेली, वाळलेला. एका हाताने त्याने गज धरला होता. पहारेकरी त्याला म्हणाला, भाषा सांभाळा.

“झालाय!” आई ओरडली. “म्हणून तर इतका वेळ तू दिसला नाहीस, बरं चाललं होतं!”

त्याला बाहेर सोडलं. अधिकाऱ्याने आईला विचारलं, “आपण यांच्या मातोश्री का?”

“तोंडावरून तरी वाटतंय.”

“हो की नाही, आजी?”

“हो.” तो शब्द तिने एकदाच म्हटला, पण असा म्हटला की अधिकाऱ्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं.

फोटोग्राफर धावत आला. “आजी, जवळ घ्या ना मुलाला. इतक्या दिवसांनी सापडलाय!”

“सापडायला हरवला होता का तो?” आई म्हणाली. “उशीर केलाय त्याने. वर्षभर. फोटो काढण्यासारखं काय आहे त्यात?” तिने भावाच्या खांद्यावरची पिशवी खेचून घेतली आणि चालायला लागली.

भाऊ माझ्या शेजारी आला. लंगडत होता थोडा, मी विचारलं नाही. पिशवी घेऊन पुढे जाणाऱ्या आईकडे तो बघत होता आणि त्याचा चेहरा उतरला होता.

“खरं सांग,” तो हळूच म्हणाला. “पिशवी स्वतः घेतली तिने. बरी आहे ना ती?”

“बरी आहे.”

“नक्की? डॉक्टरला दाखवलंय?”

“मागे काय कुजबुज चाललीये?” आई न वळता ओरडली. “पाय उचला! आणि तू रे, काय दगड भरून आणलेस का यात? कुणी सांगितलं होतं एवढं आणायला?”

भावाने खोल श्वास सोडला. “बरी आहे,” तो म्हणाला, आणि पिशवी ओढून घ्यायला तिच्यामागे लंगडत पळाला. तिने दिली नाही.